पडसाद आणि प्रतिशब्द

मराठींत ‘पडसाद’ आणि ‘प्रतिशब्द’ हे दोन शब्द आज अगदीं निराळ्या घरीं नांदत आहेत. पहिल्याचें बिऱ्हाड वर्तमानपत्रांत, दुसऱ्याचें शब्दकोशांत. एखाद्या गांवीं दंगा झाला कीं त्याचे पडसाद विधानसभेंत उमटतात. एखादा इंग्रजी शब्द अडला कीं आपण त्यास प्रतिशब्द शोधूं लागतों. परंतु मूळ पाहूं गेलें असतां हे दोन शब्द नसून एकच आहे. प्रतिपदेचा जसा पाडवा झाला, प्रतिच्छायेची जशी पडछाया झाली, तसाच संस्कृत ‘प्रतिशब्द’ प्राकृतांत ‘पडिसद्द’ होऊन मराठींत ‘पडसाद’ झाला. संस्कृतांत प्रतिशब्द म्हणजे प्रतिध्वनीच. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गांत सिंहानें धरलेल्या नंदिनी धेनूचा आक्रोश गुहेंतल्या प्रतिशब्दानें लांबत गेल्याचें कालिदासानें वर्णिलें आहे, तेथें हा शब्द याच अर्थानें आला आहे. एका भाषेंतल्या शब्दाला दुसऱ्या भाषेंतून जो शब्द उत्तर देतो त्यास प्रतिशब्द म्हणावें, असें ज्या कोणास प्रथम सुचलें त्याचा कान चांगला असला पाहिजे. भाषांतर हा एक प्रकारचा पडसादच होय. आणि पडसादाप्रमाणेंच त्यांतही मूळ हाकेची पहिलीं अक्षरें पुष्कळदां गळून जातात.

ही गळती विशेषेंकरून दिसते ती पडसाद याच अर्थाच्या इंग्रजी शब्दांचें भाषांतर करतांना. एको, रिव्हर्बरेशन, रिपर्कशन, रिबाउंड, रिझल्ट, आफ्टरमाथ, रिकोशे, बॅकलॅश, फॉलआउट, ब्लोबॅक अशी ही मोठी भावकी आहे. आपल्याकडचा भाषांतरकार घाईंत असला म्हणजे यांतील निम्म्या शब्दांच्या तोंडावर एकटा ‘पडसाद’ फेंकून मोकळा होतो. वास्तविक त्या प्रत्येकाच्या पोटांत निराळा इतिहास आहे. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरानें १८५२ सालीं समानार्थक शब्दांचा आपला सुप्रसिद्ध संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हां त्यानें इंग्रजी भाषेचे एक हजार कप्पे केले होते. त्यांत ‘परिणाम’ हा कप्पा त्यानें अमूर्त संबंधांच्या वर्गांत ठेवला आणि ‘उलट उसळणें’ हा गतीच्या वर्गांत, म्हणजे बराच दूर. शास्त्रीय दृष्ट्या ही व्यवस्था बिनचूक असेल. पण शब्दांचा इतिहास असें सांगतो कीं, पहिल्या कप्प्यांतले बरेचसे रहिवासी दुसऱ्या कप्प्यांतून पायीं चालत आलेले आहेत. वाटेंत त्यांच्या गांठोड्यांतून काय काय गळलें, हें पाहणें हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम अर्थातच ‘एको’. ग्रीकांत हा शब्द नुसत्या आवाजाच्या नात्यांतला. पण त्याला देह दिला तो पुराणकथेनें. ही कथा सर्वांस माहीत आहे ती रोमन कवि ओव्हिड याच्या ‘मेटॅमॉर्फोसिस’ या काव्याच्या तिसऱ्या भागांतून. एको ही एक वाचाळ वनदेवता. जूनो आपल्या पतीस, म्हणजे देवराज जुपिटर यास, इतर वनदेवतांच्या संगतींत पकडावयास येई, तेव्हां ही तिला गोष्टींत गुंतवून ठेवी आणि तेवढ्यांत त्या पळून जात. कपट उघडकीस आल्यावर जूनोनें तिला शाप दिला कीं, तुला आपण होऊन बोलतां येणार नाहीं. दुसऱ्याच्या बोलण्याचा शेवट तेवढा तूं परत म्हणशील. पुढें नार्सिससवरील विफल प्रेमानें ती झिजली, हाडांचे दगड झाले आणि आवाज मागें राहिला. या कथेंतील करुणरसावर पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्हांस तींतला न्याय अधिक विचार करण्याजोगा वाटतो. मूळ अपराध जुपिटरचा. शिक्षा त्याला पाठीशीं घालणारीस. आणि जुपिटर शेवटपर्यंत सिंहासनावर कायम. इंग्रजींत चवदाव्या शतकापासून रूढ असलेल्या या शब्दाच्या जन्मकथेंतच कर्ता सुटलेला आहे!

त्यानंतरचे लॅटिन-फ्रेंच वळणाचे शब्द मात्र या बाबतींत प्रामाणिक होते. ‘रिझल्ट’ हा शब्द घ्या. परीक्षेचा निकाल, कारखान्याचा ताळेबंद, औषधाचा गुण, सर्वत्र वापरला जाणारा इतका कोरडा शब्द इंग्रजींत दुसरा नसेल. पण याच्या मुळाशीं असलेल्या लॅटिन ‘रिझुल्तारे’ या क्रियापदाचा अर्थ मागें उसळणें, घुमून परत येणें असा आहे. मध्ययुगीन तार्किकांनीं तो उचलला आणि विधानांच्या भिंतीवर आपटून जें परत येतें त्या निष्कर्षास लावला. तेथून तो सगळ्या जगाचा झाला. ‘रिबाउंड’चें याहून मौजेचें आहे. त्यांतल्या ‘बाउंड’ला आज उडी म्हणतात, परंतु ज्या जुन्या फ्रेंच ‘बोंदिर’ शब्दावरून तो आला त्याचा मूळचा अर्थ घुमणें, दुमदुमणें हा होता. म्हणजे आधीं आवाज उसळला, चेंडू मागाहून.

‘रिपर्कशन’ या शब्दाच्या पोटांत धक्का देण्याचें लॅटिन क्रियापद आहे. पंधराव्या शतकांत तो इंग्रजींत आला तो बहुधा वैद्यांचा हात धरून. शरीरांतील दूषित रस एखाद्या अवयवाकडे धांवूं लागले म्हणजे त्यांस मागें ढकलणें यास हे वैद्य रिपर्कशन म्हणत, आणि त्यासाठीं निराळीं औषधेंही असत. ‘रिव्हर्बरेशन’मध्यें तर चाबूकच आहे, ‘व्हेर्बेर’ म्हणजे चाबूक किंवा छडी. एका जातीच्या भट्टीला इंग्रजींत याच शब्दावरून नांव पडलें, कारण तिच्या कमानदार छतावर आपटून ज्वाळा खालच्या धातूवर परत येतात. पुढें १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील एका व्याख्यानगृहांत वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून कांहींच कळेनासें झालें, तेव्हां वॉलेस सबाईन या तरुण अध्यापकानें शेजारच्या नाट्यगृहांतील गाद्या आणून, त्या कमीजास्त मांडून, बंद केलेला आवाज किती सेकंदांनीं विरतो तें मोजलें. रिकाम्या दालनांत तो साडेपांच सेकंद रेंगाळत होता. चाबकाचा शब्द असा मोजमापाचा झाला. विजापूरच्या गोलघुमटांत टाळी वाजवून पाहिलेल्या कोणासही ‘एको’ आणि ‘रिव्हर्बरेशन’ यांतला भेद समजावून सांगावा लागणार नाहीं: सुटा सुटा ऐकूं येतो तो पडसाद, आणि एकांत एक मिसळून दाटतें तें घुमणें.

या सर्व शब्दांत तीन गोष्टी स्पष्ट असत: मारणारा, ज्यावर मार बसला ती भिंत, आणि परत येणारी वस्तु. १६८७ सालीं न्यूटननें आपल्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथांत क्रिया आणि प्रतिक्रिया सम व विरुद्ध असतात असा नियम सांगितला, तेव्हां या जुन्या कल्पनेला गणिताचें बळ मिळालें. (याच ग्रंथांतील ध्वनीच्या वेगाचें गणित पडताळण्यासाठीं त्यानें केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ओवरींत उभें राहून लंबकाच्या साह्यानें पडसाद मोजला होता, ही गोष्ट आमच्या विषयास शोभणारी म्हणून सांगून ठेवतों.) पुढें शंभर वर्षांनीं फ्रेंच राज्यक्रांति झाली, १७९४ त रोबेस्पिएरचा पाडाव झाल्यावर जी उलट लाट आली तीस ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणूं लागले, आणि पदार्थविज्ञानांतला शब्द राजकारणांत शिरला. पण शिरतांना त्यानें एक खोटी साक्ष बरोबर आणली. दगडावर दगड आपटला तर मारणाऱ्याच्या हातालाही तेवढाच झटका बसतो; इतिहासांत तसें क्वचितच होतें. तेथें प्रतिक्रिया सम नसते, आणि बहुधा ती मारणाऱ्याच्या अंगावर येतही नाहीं.

‘आफ्टरमाथ’ या शब्दांत मुळीं धक्का नाहींच, आणि म्हणूनच तो आम्हांस या भावकींत वेगळा वाटतो. हा शेतकऱ्यांचा शब्द. ‘माथ’ म्हणजे गवताची कापणी. उन्हाळ्यांत एकदां कुरण कापल्यावर त्याच मुळांतून जें दुसरें गवत उगवतें तें आफ्टरमाथ. सोळाव्या शतकांत तो एवढ्याच अर्थाचा होता. सतराव्यांत लाक्षणिक अर्थानें येऊं लागला. आणि आज युद्ध, भूकंप, दुष्काळ यांच्या मागून येणाऱ्या दैन्यावांचून त्याचा वापर विरळा. कापलेल्या कुरणावरची कोंवळी हिरवळ आणि बाँबनें उद्ध्वस्त झालेलें शहर एकाच शब्दांत कशीं बसलीं याचें आश्चर्य वाटतें. परंतु कापणीच्या विळ्यावरून काळाच्या विळ्यावर कल्पना जाण्यास वेळ लागत नाहीं. आमच्या ऊसकऱ्यांस ही गोष्ट कोशाशिवाय कळेल. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून जें दुसरें पीक फुटतें त्यास तो ‘खोडवा’ म्हणतो. लागण त्याला पुन्हां करावी लागत नाहीं. पण खोडव्याचा ऊस कोणाचा, हा प्रश्नही त्याला पडत नाहीं. ज्यानें पहिली लागण केली त्याचाच. इंग्रजी शब्दानें हें मालकीचें नातें मात्र टाकून दिलें. ‘युद्धाचें आफ्टरमाथ’ म्हटलें कीं युद्ध जणूं आपोआप उगवलें आणि आपोआप कापलें गेलें.

आतां ‘रिकोशे’. हा शब्द फ्रेंच असून त्याचा पहिला पत्ता लागतो तो एका प्रकारच्या गप्पांत: गोष्ट सांगणारा प्रश्नाला सरळ उत्तर न देतां दर वेळीं टोलवाटोलवी करतो, अशा न संपणाऱ्या गोष्टीला जुन्या फ्रेंचांत हें नांव होतें. पुढें पाण्यावर चपटा दगड भिरकावून त्याच्या उड्या मोजण्याच्या खेळास तें लागलें. आणि तेथून तोफखान्यांत गेलें. चवदाव्या लुईचा प्रख्यात दुर्गवेत्ता व्होबां यानें १६८८ त फिलिप्सबर्गच्या आणि १६९७ त आटच्या वेढ्यांत तोफेंत दारू कमी भरून गोळे अशा बेतानें सोडले कीं ते तटावरून अलगद आंत पडून उड्या मारीत जावे व ओळीनें उभ्या असलेल्या तोफा निकामी कराव्या. येथें पहिल्यानेंच भिंतीवर आपटलेली वस्तु मारणाऱ्याकडे परत न येतां तिसऱ्यावर जाऊं लागली. आमच्या मतें या शब्दसमूहाच्या इतिहासांतलें हें मोठें वळण आहे. पडसाद परत येतो. रिकोशे पुढें जातो.

इतिहासांत असे गोळे कोठवर जातात याचें एक उदाहरण आपल्याच दारीं आहे. १८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत यादवी युद्धाची पहिली तोफ फोर्ट सम्टर येथें सुटली. दक्षिणेकडील बंदरें अडविलीं गेल्यानें लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना. त्यांनीं हिंदुस्थानाकडे तोंड वळविलें आणि मुंबईंत पैशाचा पूर आला. समुद्र बुजविण्याच्या कंपन्या निघाल्या, भागांचा सट्टा घरोघर शिरला. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपलें, आणि १ जुलै १८६५ रोजीं मुंबईच्या त्या साऱ्या डोलाऱ्याचा हिशेब चुकता करण्याची वेळ आली तेव्हां तो कोसळला. येथवरची हकीकत मुंबईच्या कोणत्याही इतिहासांत सांपडते. पण गोळ्याची पुढची उडी देशावर पडली. तेजीच्या दिवसांत भाव चढले होते, पत वाढली होती, सावकार सढळ हातानें कर्ज देत होता. भाव उतरले; तिकडे १८६७ पासून इंदापूर व आसपासच्या तालुक्यांत नव्या जमाबंदीनें सारा वाढला; पत आटली; आणि १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारच्या दिवशीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर चालून जाऊन कर्जरोखे हिसकावले व जाळले. लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें आणि १८७९ त शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला.

या सांखळीची प्रत्येक कडी सारखी भक्कम आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कापूस पिकत होता तो मुख्यतः खानदेशांत आणि वऱ्हाडांत, सुप्याच्या माळावर नव्हे. साऱ्याची वाढ व परक्या कायद्याची न्यायालयें हीं कारणें कापसाहून जवळचीं होतीं, असें म्हणणाऱ्या इतिहासकारांचें म्हणणें वजनदार आहे. परंतु आमचा मुद्दा शब्दांचा आहे. सुप्याच्या दंग्यास अमेरिकन युद्धाचा ‘पडसाद’ म्हणणें म्हणजे शुद्ध चूक. पडसाद मूळ आवाजाजवळ परत येतो आणि त्याच शब्दांत येतो. सुप्याच्या कुणब्याच्या आक्रोशांत वॉशिंग्टनचें एक अक्षरही नव्हतें, आणि तो तेथवर गेलाही नाहीं. हा रिकोशे होता. ज्यानें तोफ डागली त्यास हा गोळा कोठें पडला याची वार्ताही नव्हती. असल्या परिणामास कर्ता शोधूं नये. पण जमाबंदीच्या अंमलदारासारखे जे वाटेंत उभे राहून गोळ्यास नवी गति देतात, त्यांस विसरूंही नये.

‘बॅकलॅश’ यंत्रशाळेंतला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तो दांतेरी चाकांच्या सैल जोडणीमुळें बसणाऱ्या उलट झटक्यास लावीत. १९६४ त अमेरिकेंत काळ्या नागरिकांस समान हक्क देणारा कायदा झाला त्या सुमारास त्याविरुद्ध खवळलेल्या गोऱ्या मतदारांच्या संतापास हा शब्द सर्रास वापरूं लागले, आणि आमच्या मतें तो त्या जागीं अन्यायाचा आहे. चाकाला मन नसतें. तें झटका देतें तो त्याचा निरुपाय. माणसांच्या द्वेषाला यांत्रिक झटका म्हटलें कीं दोष द्वेष करणाऱ्याकडून निघून जो चाक फिरवूं लागला त्याच्या माथीं जातो. ‘बूमरँग’ हा सिडनीच्या परिसरांतील मूळ रहिवाशांच्या भाषेंतून आलेला शब्द. फेंकणाऱ्याकडे परत येण्याबद्दल त्याची जगभर ख्याति आहे. पण शिकारीचीं बहुतेक बूमरँगें परत येतच नाहींत. परत येणारें तें खेळण्याचें. या गोष्टींतला विनोद ज्याचा त्यानें घ्यावा.

येथवरचे शब्द शतकांच्या ओघांत हळूहळू बदलले. विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र एकाच देशाच्या सरकारी कारभारांत, आणि योगायोगानें एकाच महिन्यांत, असे दोन शब्द पुढें आले कीं त्यांना समोरासमोर ठेवल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं. तो महिना मार्च १९५४.

१ मार्च १९५४ रोजीं पॅसिफिक महासागरांतील मार्शल बेटांपैकीं बिकिनी येथें अमेरिकेनें हायड्रोजन बाँबचा एक स्फोट केला. त्याचें सांकेतिक नांव ‘ब्राव्हो’. शास्त्रज्ञांनीं सुमारें ६ मेगाटन शक्तीचा अंदाज बांधला होता. स्फोट झाला १५ मेगाटनांचा. प्रवाळाची उडालेली धूळ किरणोत्सर्गानें भरून कित्येक मैल पसरली. काहीं तासांनीं राँगेलाप बेटावर ती पांढऱ्या भुकटीसारखी पडूं लागली, आणि मुलें तींत खेळलीं. तेथल्या वस्तीस हलविण्यास दोन दिवस लागले. त्याच सुमारास ८०-९० मैलांवर ‘दाइगो फुकुर्यू मारू’ म्हणजे ‘भाग्यवान ड्रॅगन क्रमांक पांच’ या नांवाचें एक जपानी मासेमारी जहाज होतें. त्यावरील २३ खलाशांच्या अंगावर तीच भुकटी पडली. १४ मार्च रोजीं जहाज याइझू बंदरास लागलें तेव्हां सारे आजारी होते. त्यांच्यापैकीं बिनतारी यंत्र चालविणारे आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर रोजीं वारले. हिंदुस्थानांत पंडित नेहरूंनीं २ एप्रिल १९५४ रोजीं लोकसभेंत अशा चांचण्या निदान स्थगित तरी कराव्या अशी मागणी केली, ती या घटनेनंतर महिन्याभरांत.

या भुकटीस इंग्रजींत शब्द मिळाला तो ‘फॉलआउट’. चार-पांच वर्षांपूर्वींच शास्त्रज्ञांच्या व्यवहारांत तो आला होता. ब्राव्होनंतर तो घरोघर झाला, आणि लवकरच कोणत्याही अनिष्ट परिणामास लावूं लागले. शब्द सोपा आहे: जें खालीं पडतें तें. पान पडतें, पाऊस पडतो, दंव पडतें, तसें. त्यांत फेंकणारा नाहीं, भिंत नाहीं, परत येणें तर नाहींच. जपानी लोकांनीं त्याच वस्तूला जें नांव दिलें त्याचा अर्थ ‘मृत्यूची राख’ असा होतो. राखेच्या मागें आग असते, आणि आग कोणी तरी लावलेली असते. १९५५ च्या जानेवारींत अमेरिकेनें जपानला वीस लक्ष डॉलर दिले. पण कायदेशीर जबाबदारीचा प्रश्न बाजूस ठेवून, केवळ कृपा म्हणून, असें करारांत नमूद करून घेतलें. ज्या भाषेंत वस्तु आपोआप पडते त्या भाषेंत भरपाईही कृपेनेंच व्हावयाची. राँगेलापच्या लोकांस १९५७ त बेट सुरक्षित असल्याचें सांगून परत नेण्यांत आलें. आजारांना कंटाळून १९८५ त त्यांनीं आपण होऊन तें सोडलें, आणि त्यांस नेण्यास आलें तें ‘रेनबो वॉरिअर’ हें जहाज. दोन महिन्यांच्या आंतच अणुचांचण्यांना विरोध करतें म्हणून फ्रेंच हेरांनीं ऑकलंडच्या बंदरांत तें सुरुंगानें बुडविलें.

दुसरा शब्द ‘ब्लोबॅक’. बंदुकीची नळी किंवा बाष्पपात्र यांतून वायु किंवा ज्वाळा उलट मागें येते, त्याचें हें नांव. इराणचे पंतप्रधान मोहंमद मोसादेक यांनीं १९५१ त तेथील तेलाचा धंदा राष्ट्राच्या मालकीचा केला; १९ ऑगस्ट १९५३ रोजीं अमेरिकन व ब्रिटिश हेरखात्यांनीं संगनमतानें त्यांस पदभ्रष्ट करविलें व शहाची सत्ता पक्की केली. या कटाच्या आंखणींत असलेले डोनाल्ड विल्बर हे इराणी वास्तुशिल्पाचे विद्वान अभ्यासक. त्यांनीं खात्याच्या उपयोगासाठीं या प्रकरणाचा गुप्त इतिहास लिहिला तो मार्च १९५४ मध्यें. आणि त्यांत पुढील प्रसंगांसाठीं धडे सांगतांना अधिकाऱ्यांस अशी सूचना दिली कीं, आपलीं कृत्यें आपल्याच देशावर उलटण्याची शक्यता सदैव ध्यानांत ठेवावी. त्या उलटण्यास त्यांनीं योजिलेला शब्द हाच. १९७९ त इराणांत क्रांति झाली. ४ नोव्हेंबर रोजीं तेहरानमधील अमेरिकन वकिलात विद्यार्थ्यांनीं ताब्यांत घेतली आणि त्यांतील ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले. अमेरिकेंतील सामान्य नागरिक विचारीत होता कीं हे लोक आपल्यावर इतके कां उखडले आहेत. उत्तर लिहिलेलें होतें, पण कुलपांत. विल्बर यांचा तो इतिहास जगापुढें आला २००० सालीं, एका वर्तमानपत्राच्या हातीं लागला म्हणून. त्याच वर्षीं चामर्स जॉन्सन या अभ्यासकानें याच शब्दाच्या नांवानें ग्रंथ लिहिला, आणि शब्द सर्वांच्या तोंडीं झाला.

म्हणजे पहा: जो शब्द ‘हें आपण केलें, आणि तें आपल्यावर येईल’ असें कबूल करतो, तो शेहेचाळीस वर्षें दप्तरांत निजला, आणि जो शब्द ‘कांहीं तरी वरून पडलें’ एवढेंच म्हणतो, तो दोन-तीन वर्षांत जगभर फिरला. हें कोणी मुद्दाम घडवून आणलें असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. पण सोयीचे शब्द जलद पसरतात, हें खरें.

आतां आपल्या भाषेकडे वळूं. परिणाम, विपाक, फल हे आपले जुने शब्द पिकण्याच्या आणि पालटण्याच्या कल्पनेवर उभे आहेत. सांख्यांचा परिणाम म्हणजे दुधाचें दहीं होणें. इंग्रजी शब्द पुष्कळसे मारण्याच्या कल्पनेवर. यावरून दोन राष्ट्रांच्या स्वभावावर व्याख्यान देण्याचा मोह अनावर आहे. परंतु इंग्रजींतही फळें लागतात आणि संस्कृतांतही प्रत्याघात होतात, तेव्हां तो मोह आवरलेला बरा. आमची तक्रार जुन्या शब्दांविषयीं नाहीं. ती आजच्या ‘पडसाद उमटले’ या ठोकळ्याविषयीं आहे. उमटतें तें पाऊल किंवा शिक्का. आवाज उमटावयाचा कोठें? पण रूढीपुढें व्याकरण चालत नाहीं, म्हणून तें असो. अधिक वाईट तें हें कीं, या वाक्यप्रयोगाला ना कर्ता लागतो ना भोक्ता. त्याला फक्त स्थळ लागतें. पडसाद संसदेंत उमटतात, बाजारांत उमटतात, जगभर उमटतात. कोणीं केलें आणि कोणास लागलें हें न सांगतां वाक्य पुरें होतें.

घरगुती मराठीला ही चलाखी साधत नाहीं. ‘अंगलट आलें’ म्हटलें कीं कोणाच्या, हें सांगावेंच लागतें, आणि ज्याच्या अंगलट येतें तोच कर्ता असतो. तेहरानचें कारस्थान अमेरिकेच्या अंगलट आलें: ‘ब्लोबॅक’चा याहून नेमका प्रतिशब्द कोणत्याही परिभाषा समितीस सुचणार नाहीं. ‘झळ लागली’ म्हटलें कीं कोणास लागली तें आलेंच, आणि झळेच्या मागची आगही आली. सुक्याबरोबर ओलें जळतें असें म्हणतांना निरपराध ओल्याचा उल्लेख टाळतां येत नाहीं. राँगेलापच्या मुलांविषयीं लिहितांना ‘चांचणीचे पडसाद उमटले’ असें मराठींत लिहिणाऱ्यानें एकदां ‘बाँबची झळ राँगेलापच्या मुलांस लागली’ असें लिहून पाहावें. पुढच्या वाक्यांत बाँब कोणाचा तें त्याला लिहावेंच लागेल.